गोष्टीला लागणारा वेळ

विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर हिंदीत दोन चित्रपट झाले. पहिला मणी कौल यांचा ‘दुविधा’, 1973 सालचा. दुसरा अमोल पालेकर यांचा ‘पहेली’, 2005 सालचा. शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांचा हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठवला गेला. या दोहोंतला संथ कोणता, असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. ‘दुविधा’त माणसं फारशी हलत नाहीत, बोलत नाहीत, आणि अधूनमधून तर पडद्यावरचं चित्रच गोठतं. ‘पहेली’त गाणी आहेत, उंटांची शर्यत आहे, बोलक्या कठपुतळ्या आहेत. आता घड्याळ लावून बघावं. ‘पहेली’ सुमारे 140 मिनिटांचा आहे, ‘दुविधा’ 82 मिनिटांच्या आसपास. संथ म्हणून ज्याची ख्याती, तो चित्रपट तीच गोष्ट जवळजवळ तासभर आधी सांगून मोकळा होतो.

या तासाभराच्या फरकाचा उलगडा करणं, हा या व्याख्यानाचा विषय.

प्रायोगिक चित्रपटाबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. त्यात गोष्ट नसते, ही एक. आणि तो रेंगाळतो, ही दुसरी. दोन्ही तक्रारी करणारी माणसं अडाणी असतात, असं समजायचं कारण नाही. त्यांना काहीतरी खरंच खटकलेलं असतं, फक्त त्याचं निदान चुकतं. पडद्यावर किती हालचाल आहे किंवा मिनिटाला किती शॉट बदलले, यावर चित्रपटाची गती ठरत नाही. प्रेक्षक ज्याची वाट पाहतो आहे ते त्याला केव्हा मिळतं, यावर ती ठरते. आणि त्याने कशाची वाट पाहायची, हे दिग्दर्शकच पहिल्या काही मिनिटांत ठरवून टाकतो. प्रायोगिक चित्रपटकारांनी नेमकी याच जागी ढवळाढवळ केली आहे.

‘दुविधा’चंच बघू. सावकाराचा मुलगा लग्न करून बायकोला घरी आणतो आणि मुहूर्त टळू नये म्हणून लगोलग पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. वाटेतल्या झाडावरच्या भुताचं या नवरीवर मन जडलेलं असतं. ते नवऱ्याचं रूप घेऊन घरात येतं, पण तिच्यापासून खरं लपवत नाही. ती त्याचा स्वीकार करते. पुढे दिवस जातात, खरा नवरा परततो, दोन नवऱ्यांचा तंटा उभा राहतो, आणि एक धनगर युक्तीने भुताला कातडी पिशवीत कोंडून टाकतो. पालेकरांनी शेवट बदलला. त्यांच्या भुताला अखेर नवऱ्याच्या देहात जागा मिळते. कौल यांची नायिका त्याच घरात, त्याच हिशेबी नवऱ्यासोबत उरते.

यातले बहुतेक प्रसंग कौल निवेदनात उरकून टाकतात. नवरा गेला, भूत आलं, वर्षं गेली. एका वाक्यात एक वळण. लोककथा सांगणारा माणूस नेमकं हेच करतो. पाच वर्षं जायला त्याला एक श्वास पुरतो. देथा यांनी कथा मौखिक परंपरेतून उचलल्या होत्या आणि कौल यांनी त्या परंपरेचा वेग तसाच ठेवला. घटना निवेदनाने सांगून टाकली की चित्रावरचं ओझं उतरतं. मग कॅमेरा ओढणीच्या काठावर, हातावर, पांढऱ्या भिंतीवरच्या उन्हावर थांबू शकतो, कारण ‘पुढे काय झालं’ हे सांगण्याची जबाबदारी त्याच्याकडे उरलेलीच नसते. छायाचित्रण नवरोज काँट्रॅक्टर यांचं होतं आणि ते मुळात स्थिरचित्रांचे छायाचित्रकार. चित्र गोठतं तेव्हाही आवाज पुढे चालत राहतो, म्हणजे गोष्ट थांबलेली नसते. थांबलेली असते ती बाई. आणि तिच्याकडे बघायला प्रेक्षकाला कधी नव्हे तो वेळ मिळतो.

‘पहेली’ला ही सोय नाही. त्या जातीच्या चित्रपटात प्रत्येक वळण घडवून दाखवावं लागतं, त्याला गाणं लागतं, नातेवाईक लागतात, विनोद लागतो. पालेकरांनी ते सफाईने केलं आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. पण तासभर जादा गेला तो कुठे, याचं उत्तर तिथेच मिळतं.

घटना सांगणं एकीकडे आणि क्षणावर थांबणं दुसरीकडे, अशी कामाची वाटणी परदेशी प्रायोगिक चित्रपटकारांनी वेगवेगळ्या टोकांपर्यंत नेली. 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सिनेमा 16’ या फिल्म सोसायटीने कविता आणि चित्रपट या विषयावर परिसंवाद ठेवला होता. नाटककार आर्थर मिलर आणि कवी डिलन टॉमस व्यासपीठावर होते. चित्रपटकार माया डेरेन यांनी तिथे दोन प्रकारच्या रचना मांडल्या. एक आडवी : या प्रसंगामागून तो प्रसंग. दुसरी उभी : एकाच क्षणात खोल उतरत जाणारी, त्याचे पदर तपासणारी. टॉमस यांनी या मांडणीची यथेच्छ टिंगल केली आणि श्रोते हसले. डेरेन यांच्या बाजूने बोलायला मात्र त्यांचाच दहा वर्षांपूर्वीचा चित्रपट हजर होता. ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ अवघ्या 14 मिनिटांचा आहे. एक बाई रस्त्याने येते, जिना चढते, घरात शिरते. किल्ली, सुरी, फूल, टेलिफोन. मग ती पुन्हा येते, पुन्हा जिना चढते, आणि वस्तू त्याच असल्या तरी त्यांच्या जागा आणि त्यांचा धाक बदललेला असतो. दुसऱ्या फेरीला प्रेक्षक नकळत तुलना करू लागतो आणि तिसऱ्या फेरीला त्याला भीती वाटू लागते. गोष्ट पुढे सरकलेली नाही, तरी ताण वाढला आहे.

मायकेल स्नो या कॅनेडियन कलावंताने 1967 मध्ये याहून हट्टी प्रयोग केला. ‘वेव्हलेंग्थ’ 45 मिनिटांचा आहे आणि त्याचं वर्णन एका ओळीत होतं : न्यूयॉर्कमधल्या एका लांबलचक माळ्यावर कॅमेरा एका टोकाला लावला आहे आणि झूम हळूहळू समोरच्या भिंतीकडे सरकतो. मध्ये रंग बदलतात, उजेड बदलतो, आणि एक विद्युत ध्वनी खालच्या पट्टीतून कानठळ्या बसेपर्यंत वर चढत जातो. या काळात चार वेळा माणसं खोलीत येतात. एकदा कपाट आणून ठेवलं जातं. एकदा दोन बायका बसून रेडिओ ऐकतात. एकदा एक माणूस येऊन जमिनीवर कोसळतो. त्यानंतर एक तरुणी येते आणि फोनवर कुणाला तरी सांगते की इथे एक माणूस मरून पडला आहे.

मृतदेह, अनोळखी माणूस, घाबरा फोन : गुन्हेपटाची सगळी सामग्री झाली. कोणताही दुसरा दिग्दर्शक आता पोलिस आणेल. स्नो यांचा झूम मात्र देहाच्या वरून पुढे सरकतो, देह चौकटीबाहेर जातो आणि परत येत नाही. खून झाला की नाही, कुणी केला, हे कधीच कळत नाही. समोरच्या भिंतीवर एक छोटं छायाचित्र टांगलेलं आहे, झूम तिकडे चालला आहे, आणि शेवटी ते पूर्ण पडदा व्यापतं : समुद्राच्या लाटा. प्रेक्षकाला दोन गोष्टींची वाट पाहायला लावलेलं असतं, एक मृत्यूच्या उलगड्याची आणि दुसरी भिंतीपर्यंत पोहोचण्याची. पहिली त्याला नेहमीच्या चित्रपटाने शिकवलेली, दुसरी याच चित्रपटाने पाऊण तासात शिकवलेली. स्नो दुसरी पुरी करतात, पहिली करत नाहीत. चित्रपटगृहात या जागी चुळबुळ होते, काही माणसं उठतातही. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण ज्याला ते ‘गोष्टच नाही’ म्हणतात ती त्यांच्या डोक्यात चांगली रंगलेली होती, म्हणून तर राग आला.

‘वेव्हलेंग्थ’मध्ये कोसळणारा माणूस म्हणजे स्नो यांचे मित्र हॉलिस फ्रॅम्प्टन. त्यांचा 1971 चा ‘नॉस्टॅल्जिया’ हा या साऱ्या मंडळींच्या कामातला सर्वांत खोडकर चित्रपट म्हणावा लागेल. विजेच्या शेगडीवर एकामागून एक छायाचित्रं जळताना दिसतात आणि एक आवाज त्यांच्या आठवणी सांगतो. थोड्या वेळाने लक्षात येतं की सांगितलं जातंय ते समोरच्या छायाचित्राबद्दल नाहीच, पुढच्या छायाचित्राबद्दल आहे. म्हणजे ऐकलेलं लक्षात ठेवायचं, पुढचं चित्र आल्यावर ते त्याला लावायचं, आणि त्याच वेळी नवं वर्णन ऐकायचं. आणि समोरचं चित्र तर जळून चाललेलं. पडद्यावर एक शेगडी सोडून काही नाही आणि प्रेक्षकाला श्वास घ्यायला फुरसत नाही. शेवटी आवाज एका भयंकर छायाचित्राचं वर्णन करतो आणि ते कधीच दाखवलं जात नाही. गंमत अशी, की ‘मी’ म्हणून बोलणारा हा आवाज फ्रॅम्प्टन यांचा नसून स्नो यांचा आहे, आणि एका ठिकाणी त्यांना स्नो नावाच्या मित्राची माफी मागावीशी वाटल्याचं वाचावं लागतं.

हे दोन्ही चित्रपट अखेर कलावंतांच्या वर्तुळातले. त्यातून काहीतरी घेऊन बाईच्या रोजच्या जगण्यापर्यंत पोहोचली ती शांताल आकेरमान. बेल्जियमची ही मुलगी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये होती. तिथे छायालेखिका बाबेट मँगोल्ट हिच्यामुळे तिने स्नो यांचे चित्रपट पाहिले. 1975 मध्ये तिने ‘जान दिएलमां’ केला, तेव्हा ती पंचविशीत होती आणि कॅमेऱ्यामागे मँगोल्टच होती. पूर्ण नावात नायिकेचा ब्रसेल्समधला पत्ताही आहे, घर क्रमांक 23 वगैरे. चित्रपट 3 तास 21 मिनिटांचा. 2022 मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या जागतिक समीक्षक-कौलात तो पहिला आला आणि तेव्हा अनेकांनी तो पहिल्यांदा लावून बघितला. त्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत, हा वेगळा प्रश्न.

जान विधवा आहे. शाळकरी मुलगा आहे. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, बूट पॉलिश करते, बाजारहाट करते, आणि रोज दुपारी एक पुरुष घरी येतो, त्याच्याकडून पैसे घेऊन ते जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात ठेवते. तीन दिवस. कॅमेरा समोरासमोर, स्थिर, आकेरमानच्या स्वतःच्या उंचीवर. क्लोजअप नाही, झूम नाही. बटाटे सोलायला जितका वेळ लागतो तितका वेळ बटाटे सोलणं चालतं.

पण या चित्रपटात सगळंच प्रत्यक्ष वेळेत घडतं, असं जे सर्रास लिहिलं जातं ते खरं नाही. पहिल्या दिवशी पुरुष येतो, दोघं आतल्या खोलीत जातात, दार लागतं, आणि एका कटमध्ये बाहेर उजेड बदललेला असतो. काम संपलेलं आहे. नेहमीच्या चित्रपटाने ज्या दाराआड मुक्काम ठोकला असता ते आकेरमान एका क्षणात ओलांडते, आणि ज्यावरून तो उडी मारून गेला असता ते भांडी घासणं पुरतं दाखवते. काय कापायचं आणि काय ठेवायचं, याचा क्रम तिने उलटा केला. संकलन इथे कमी आहे असं मुळीच नाही; अतिशय कडक आहे.

आणि मग दुसरा दिवस येतो. पहिल्या दिवशी तासभर घालवून प्रेक्षकाला या घराची शिस्त शिकवलेली आहे : खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद होतो, भांड्यावर झाकण परत जातं, प्रत्येक वस्तूला जागा आहे. हे पाठांतर झाल्यावर दुसऱ्या दुपारी पाहुणा गेल्यावर जानचे केस किंचित विस्कटलेले दिसतात. पैसे ठेवल्यावर भांड्यावर झाकण घालायचं राहून जातं. बटाटे जास्त शिजतात. ते भांडं हातात घेऊन ती घरभर फिरते, कुठे टाकावं ते तिला सुचत नाही. पडद्यावर बटाटे बिघडले आहेत, एवढंच. पण प्रेक्षागृहात काहीतरी कोसळल्याची जाणीव पसरते. तिसऱ्या दिवशी ती ठरल्यापेक्षा लवकर उठते, कॉफी जमत नाही, रिकामा वेळ हाताशी उरतो आणि त्या वेळेचं काय करायचं हे तिला माहीत नाही. शेवटी कात्रीने ती एका गिऱ्हाइकाचा खून करते. त्यानंतर कित्येक मिनिटं ती टेबलाशी नुसती बसून राहते आणि बाहेरच्या दिव्याचा निळा उजेड येत-जात राहतो.

सुटलेलं झाकण ही घटना व्हायला आधीचा तास लागतो. तो तास कापला तर झाकणाला अर्थ उरत नाही, आणि झाकण नसेल तर कात्री नुसती धक्का द्यायला येते. ‘अडीच तासांत बसवता आलं असतं’ म्हणणाऱ्याने कुठला भाग काढायचा ते दाखवावं. प्रस्तुत वक्त्याला वाटतं, पहिल्या दिवसातून दहा मिनिटं जरूर काढता येतील, दुसऱ्यातून एकही नाही.

आकेरमानच्या पाच-सहा वर्षं आधी आपल्याकडे अशीच एक वाट पाहणारी बाई पडद्यावर आली होती. मोहन राकेश यांच्या कथेवरचा मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ 1969-70 चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेले कौल तेव्हा पंचविशीतच होते. पंजाबातली बालो रोज रोट्या घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहते. तिचा नवरा सुच्चासिंग बस चालवतो. एके दिवशी घरी धाकट्या बहिणीवर प्रसंग ओढवतो, बालोला उशीर होतो, नवरा संतापून रोट्या न घेता निघून जातो. ती रात्र होईपर्यंत उभी राहते. कथा एवढीच.

या चित्रपटाला पैसे दिले फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने आणि कॅमेरा होता के. के. महाजन यांचा. त्याच सुमारास त्याच संस्थेच्या पैशांवर त्याच महाजनांनी मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ चित्रित केला. एकीकडे गोठलेल्या चौकटी, मध्येच ॲनिमेशन, मिश्कील निवेदन, धावती बैलगाडी; दुसरीकडे बालो. नवा सिनेमा म्हणजे एकच काहीतरी, असं समजणाऱ्यांनी महाजनांच्या त्या एका वर्षाकडे बघावं.

कौल यांनी ‘उसकी रोटी’त मुख्यतः दोन भिंगं वापरली, 28 आणि 75 मिलिमीटरची. एक बालोच्या आजूबाजूच्या खऱ्या जगासाठी, दुसरं तिच्या मनात चालणाऱ्या चित्रांसाठी. आणि पुढे ही वाटणी त्यांनी मुद्दाम उलटसुलट केली. हे वाचून चित्रपट पाहायला बसलं तरी भिंगं ओळखू येतात असं नाही. तो हिशेब दिग्दर्शकाच्या वहीतला. प्रेक्षकाला मिळते ती शंका : बस आत्ता आली ती खरी, की तिला आल्यासारखी वाटली? वाट पाहणाऱ्याच्या मनात बस पन्नास वेळा येऊन जाते. कौल यांनी त्या येण्याला आणि खऱ्या येण्याला एकच वजन दिलं, म्हणून ‘नंतर’ आणि ‘आधी’ यांची ओळ विस्कटते. इथे गोष्ट आहे की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. गोष्टीतला कुठला तुकडा घडला आणि कुठला घडला नाही, हे बालोइतकंच आपल्यालाही कळत नाही.

सत्यजित राय यांना हे पटलं नव्हतं. 1974 मधल्या एका लेखात त्यांनी ‘गर्म हवा’, ‘अंकुर’, कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ आणि ‘दुविधा’ असे चार चित्रपट एकत्र घेतले आणि शेवटच्या दोहोंबद्दलची नाराजी स्पष्ट लिहिली. राय यांचा आक्षेप प्रतिगामी म्हणून झटकून टाकण्याची पद्धत पडली आहे, ती योग्य नाही. संथपणाचीही सवय लागते. आज जगभरच्या महोत्सवांत पाठमोरा माणूस लांबवर चालत जातोय आणि कॅमेरा उभा आहे, असे शॉट इतके झाले आहेत की ती एक ठरीव ओळखखूणच बनली आहे. तिथे वेळ दिलेला असतो, पण वाट कशाची पाहायची ते दिग्दर्शकाने ठरवलेलं नसतं. बालोच्या बाबतीत ते पक्कं ठरलेलं आहे, ‘दुविधा’तही. कौल यांच्या सगळ्याच चित्रपटांबद्दल तितक्या खात्रीने बोलता येणार नाही.

कौल स्वतः या प्रश्नाकडे संगीतातून बघत. झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ते ध्रुपद शिकले. पनवेलजवळ पळस्पे इथलं गुरुकुल याच उस्तादांचं. 1982 मध्ये कौल यांनी ‘ध्रुपद’ हा माहितीपट केला. आलाप ऐकणाऱ्याला पुढचा स्वर साधारण माहीत असतो, त्याकडे गायक कसा आणि केव्हा जातो यात सगळी उत्कंठा असते. मराठी मुलखात आलापाच्या संथपणाची तक्रार करणारा श्रोता विरळा आणि तोच माणूस ‘उसकी रोटी’त घड्याळ बघतो. यात विसंगती नाही. गाण्यात वाट कशाची पाहायची हे त्याला पिढ्यांनी शिकवलं आहे. चित्रपटाने त्याला वेगळं काही शिकवलं.

त्या काळातल्या या कामाशी मराठी रंगभूमीचा संबंध बराच आला. कौल यांच्या 1971 च्या ‘आषाढ का एक दिन’मध्ये कालिदास झाले अरुण खोपकर, ज्यांचं गुरुदत्तवरचं पुस्तक पुढे गाजलं, आणि मल्लिका झाल्या रेखा सबनीस. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी लावले गेले, जेणेकरून नटांना नाटकी आवेश आणायला जागाच राहू नये. आणि 1976 चा ‘घाशीराम कोतवाल’ तर मराठीच. कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप या फिल्म इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी ‘युक्त’ या सहकारी संस्थेतर्फे तो केला. मोहन आगाशे नाना, ओम पुरी घाशीराम. तेंडुलकरांच्या नाटकाचा वेग जब्बार पटेलांच्या प्रयोगात ब्राह्मणांच्या त्या डोलत्या, गात्या मानवी पडद्यावर स्वार झालेला होता. प्रेक्षक तो वेग मनात घेऊन चित्रपटाला गेला असणार, आणि समोर आले लांबच लांब, अखंड शॉट. शेवटाकडचा असा एक शॉट जवळजवळ रीळभर चालतो आणि त्याच्या पोटात इतिहासाची कितीतरी पानं उलटतात. नाटकाची नशा त्यात नाही. नाटकात टाळ्या घेणारा कारस्थानाचा भाग इथे थंडपणे पुढे येतो, आणि त्यामुळे नाना जास्त भीतिदायक वाटतो.

आतापर्यंत उदाहरणं संथ चित्रपटांची आली, पण प्रयोग म्हणजे संथ, असं समीकरण मुंबईतच खोटं ठरलं होतं. तेही सरकारी पैशाने. पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती नावाचे ओडिया दिग्दर्शक होते, चेकोस्लोव्हाकियात यिरी त्र्नका यांच्याकडे बाहुलीपट शिकून आलेले. त्यांच्या 1968 च्या ‘एक्सप्लोरर’मध्ये नाचणारी तरुण मंडळी, यंत्रं, धार्मिक चिन्हं डोळ्यांवर आदळत राहतात. ‘ट्रिप’मध्ये मुंबईचा दिवस काही मिनिटांत पळवलेला आहे. ‘आबिद’मध्ये चित्रकार-लेखक आबिद सुरती एका खोलीत जिवंत माणूस असूनही बाहुलीसारखे, एकेका चौकटीने हलतात. आणि हे सगळं कुठल्या फिल्म क्लबसाठी नव्हतं. त्या काळी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणं सक्तीचं होतं. हिंदी चित्रपटाचं तिकीट काढून बसलेल्या माणसाला आधी धरणाची, कुटुंबनियोजनाची अपेक्षा असायची आणि कधीकधी हे समोर यायचं.

याच शहरात चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपचे पैसे घालून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभं केलं. तिथे त्यांनी ‘सिझिगी’ हा सुमारे अकरा मिनिटांचा मूक ॲनिमेशनपट केला : बिंदू, रेषा, आकड्यांच्या नियमाने वाढत जाणारी रेखाटनं. माणूस नाही, वस्तू नाही. तरी रेषा एका बिंदूकडून निघाली की डोळा तिच्या पोहोचण्याची वाट बघतोच. त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाची, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची, एकुलती एक प्रत दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवली ती परत आलीच नाही, आणि असीम अहलुवालिया यांनी 2016 मध्ये पदमसींना सोबत घेऊन तिच्या हरवण्यावरच चित्रपट केला. ‘दुविधा’ला आर्थिक हात देणारेही पदमसीच, आणि त्यातली नवरी म्हणजे त्यांची मुलगी रायसा.

व्हिडिओ आला आणि चित्रपट चित्रदालनात गेला, तेव्हा गतीचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. दालनात खुर्च्या नसतात. माणूस मध्येच येतो आणि मध्येच निघून जातो. सुरुवात, मध्य, शेवट ही दिग्दर्शकाची सत्ता संपते. डग्लस गॉर्डन यांनी 1993 मध्ये हिचकॉकचा ‘सायको’ सेकंदाला सुमारे दोन चौकटी इतका मंदावून 24 तासांचा केला. पुढे काय होणार ते बघणाऱ्याला पाठ आहे, आणि ते घडायला मात्र तासन्‌तास लागतात. रहस्यपटाची उत्कंठा ताणली जाऊन तिचा धागान्‌धागा दिसू लागतो. क्रिस्टियन मार्क्ले यांचा 2010 चा ‘द क्लॉक’ही 24 तासांचाच, हजारो चित्रपटांतल्या घड्याळांच्या तुकड्यांचा, आणि पडद्यावरची वेळ दालनाबाहेरच्या वेळेशी जुळवलेली. त्यात गोष्ट नाही, पण बारा वाजायला आले की लोक बसून राहतात.

नलिनी मलानी यांनी मंटोच्या कथेवरून, 1998 च्या अणुचाचण्यांनंतर, ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे व्हिडिओ-मांडणशिल्प केलं. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, त्यांच्यात टीव्हीचे संच. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकच साडी घडी करायचा प्रयत्न करतात. त्यांच्या मधे बघणारा उभा. घडी पुरी होत नाही. इकडे पाहिलं की तिकडचं सुटतं, त्यामुळे कोणाला किती वेळ द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि फाळणीच्या गोष्टीला हे जसं लागू पडतं तसं एका पडद्यावर पडलं नसतं.

मुंबईच्याच ‘कॅम्प’ या गटाचा 2013 चा ‘फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ’ परत चित्रपटगृहात येतो, पण हातात मोबाइल घेऊन. कच्छच्या आखातातून शारजा, सोमालियाकडे माल नेणाऱ्या गलबतांवरच्या खलाशांनी आपापल्या फोनवर केलेली चित्रणं त्यात आहेत, आणि त्यांवर खलाशांनीच आपल्या आवडीची गाणी चढवलेली आहेत. शॉट किती लांब, हे बऱ्याचदा फोनने आणि गाण्याने ठरवलेलं. पडद्यावर कधी डॉल्फिन, कधी जळणारं जहाज, कधी नुसतं डेकवर लोळणं. संकलनाने त्या लांब्या फार छाटल्या नाहीत. समुद्रावरचा कंटाळा हा त्या कामाचा मोठा भाग आहे आणि तो तसाच्या तसा आला आहे.

आता एक नवी अडचण उभी राहिली आहे. नेटफ्लिक्सने 2020 मध्ये अँड्रॉइड फोनवर चित्रपटाचा वेग कमीजास्त करायची सोय दिली. यूट्यूबवर ती आधीपासून आहे. दीडपट वेगाने ‘जान दिएलमां’ सव्वादोन तासांत आटोपतो. बटाटे भराभर सोलले जातात आणि दुसऱ्या दिवशी झाकण राहून गेलेलं लक्षात येत नाही. विद्यार्थ्यांना हा चित्रपट शिकवणाऱ्यांनी वेगाची कळ बंद ठेवावी, एवढं सांगून भागणार नाही, कारण घरी तो कसा पाहिला जाईल यावर कुणाचाच ताबा नाही. ‘उसकी रोटी’ किंवा ‘दुविधा’ मोठ्या पडद्यावर, अंधारात, शंभर लोकांत बसून बघण्याचे प्रसंग पुण्यात आणि मुंबईत वर्षाकाठी अगदी मोजके येतात. फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पती यांचे लघुपट त्या संग्रहात आहेत. मुख्य चित्रपटाआधी चार मिनिटं ‘ट्रिप’ लावायला आजच्या एखाद्या चित्रपटगृहाला फारसा खर्च येणार नाही.